उसात ड्रोन, डाळिंबात ब्लोअर

राहुरीजवळ माझा ४ एकर ऊस आणि २ एकर डाळिंब आहे. ऑगस्टात डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणीला ट्रॅक्टर घालायचा कुठून? वाफसा नसला की काळ्या रानात चाक रुततं, सरी मोडते. तिथं ड्रोनच हवा. १० लिटरच्या टाकीत एकर उरकतो, उसाच्या पात्यांनी गड्याचे हात कापत नाहीत, नाकातोंडात औषध जात नाही.

डाळिंबाचं वेगळं. झाडाच्या पोटात, पानाखाली बसलेल्या किडीपर्यंत वरचा फवारा पोचत नाही. ब्लोअरच्या वाऱ्यानं पान उलटतं, तेव्हा कुठं औषध लागतं.

केंद्रानं २०२३ साली १५ हजार महिला बचत गटांना ८० टक्के अनुदानावर ड्रोन द्यायचं ठरवलं. चांगलंच केलं. पण बॅटऱ्या चार्ज करायला शिवारात दिवसा वीज हवी, तिची सोयही त्याच योजनेत करा.