सांडपाण्याचे खाते



एकीकडे भंडारदरा, दुसरीकडे निळवंडे, आणि मध्ये आमचे राजूर. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने खालचा प्रवराकाठ हिरवा केला. तरी वैशाखात आमच्या दारी टँकर येतोच. गेल्या उन्हाळ्यात टँकरचे पैसे मोजताना दृष्टी सहज गटारीकडे गेली. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी अखंड वाहत होते. आपण व्यापारी माणसे रिकामे पोतेही फुकट टाकत नाही. मग विकतचे पाणी एकदाच वापरून का टाकतो?

बँकेतील सवयीने वही उघडली. जल जीवन मिशनच्या निकषानुसार ग्रामीण भागात दरडोई रोज ५५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर. त्याचे सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असे अभियंते मानतात. म्हणजे रोज २२० लिटर, वर्षाला ८०,३०० लिटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर! शौचालयाचा हिस्सा वगळला तरी शिल्लक मोठी राहते. सेवाकाळात विहीर व कूपनलिकेची कितीतरी कर्जप्रकरणे मी मंजूर केली. वापरलेल्या पाण्याचे काय करणार, हे एकाही अर्जदारास विचारले नाही. ही नोंद माझ्याच नावे पडावी.

या शिलकीचे मोल नागपूरने ओळखले. तेथील भांडेवाडी प्रकल्पात शहराचे सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रास जाते. केंद्र त्याचे पैसे मोजते, आणि तेवढे ताजे पाणी वाचते. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरण्याचे बंधनच घातले.

घरी एवढा खटाटोप नको. शौचालयाचे पाणी वेगळे ठेवावे. मोरीचे पाणी आधी लहान हौदात थांबवून तेलकट थर व गाळ काढावा. मग खडी, वाळूच्या थरांतून झिरपवून केळी, कर्दळीस द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाजीस देऊ नये, आणि साचू देऊ नये. जागा नसल्यास शोषखड्डा करावा. मात्र विहिरीपासून दूर.

पाणी गाळून पिणे आणि गाळणीवरील जीव मूळ जलाशयात परत पोहोचविणे, ही जिवाणीची रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली. पिण्यापूर्वी पाण्याला एवढे जपणारे आपण, वापरल्यावर त्याला गटारीत साचू देतो. त्या डबक्यात अगणित जीव उपजतात, आणि मग डासांवर औषध फवारले जाते. ही हिंसा कोणाच्या खाती लिहावी?

आमच्या परसात यंदा सात केळी उभ्या आहेत. पुढचा टँकर येण्यापूर्वी आपणही घरातील पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाते, हे एकदा पाहून घ्यावे, एवढीच विनंती.