आधी गंज, मग कमानी, रंग शेवटी

मागच्या महिन्यात आमच्या जीपच्या इंजिनाविषयी लिहिलं, तर पुणे, इंदूर आणि पार टोरंटोहून भाचेकंपनीचे निरोप आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: रंग कोणता देणार? मुलांनो, रंगाचं नाव सध्या काढायचं नाही. गाडी अजून चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे आणि तिच्या पोटाखाली झोपून माझ्या डोळ्यांत माती जाते आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गोरखीच्या मागच्या गल्लीत आमचा वाडा आहे आणि त्याच्या चौकात काकांची १९६८ सालची सीजे-३बी उभी आहे. काकांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. शेतावर जाणं, मेळ्याला जाणं, दसऱ्याला गोरखीच्या देवघरावरून मांढरेच्या मातेपर्यंत सगळ्या पोरांना कोंबून नेणं, सगळं तिच्यावरच झालं. काका गेल्यावर ती आठ वर्षं उभीच होती. काकूचा हट्ट साधा आहे: "अरे, मला शोभेला नको. मला तिच्यात बसून शेतावर जायचंय." या एका वाक्यामुळे आमचं सगळं काम ठरलं, कसं ते पुढे येईलच.

गाडीचं कूळ मोठं आहे. मुंबईत माझगावला महिंद्रांनी १९४९ मध्ये अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांच्या विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये निघालं. तिचं बॉनेट इतकं उंच का, असं मुलं विचारतात. २.२ लिटरच्या हरिकेन इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, म्हणून वरचा पत्राही उचलावा लागला. सुंदर दिसावं म्हणून कुणी काही केलेलं नाही. मला ही गाडी आवडते ती त्यासाठीच.

आता गंज. ग्वाल्हेर म्हणजे काही रत्नागिरी नव्हे. इथे खारा वारा नाही, मे महिन्यात तर घामही अंगावर टिकत नाही. मग गंज आला कुठून? चिखलातून. मागच्या चाकाने उडवलेला शेताचा चिखल चेसिसच्या कोपऱ्यांत जाऊन बसतो, वरून वाळतो आणि आतून कित्येक दिवस ओला राहतो. ताडपत्रीतून गळलेलं पाणी पायाखालच्या रबरी चटईखाली साचतं, तेही तसंच. आणि जिथे दोन पत्रे एकावर एक बसवलेले असतात तिथे पाणी शिरतं, पण वारा शिरत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो त्या दोन पत्र्यांना आतून ढकलत राहतो. रिव्हेट केलेली जाड पट्टी गंजाने पाचरीसारखी फाकवलेली मी या गाडीत पाहिली.

तपासायला महागडं काही लागत नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवरून फिरवा. जिथे ते सुटतं तिथे खाली पुट्टी आहे. चेसिसवर छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड "ठण्ण" म्हणतं, खाल्लेलं "थप्प" म्हणतं. संशय आला की जुना स्क्रूड्रायव्हर टोचायचा. आमच्या गाडीचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा या परीक्षेत पापडासारखा गेला. त्याचं मला काही वाटलं नाही, फ्लोअर सगळ्यांचेच जातात. खरी भीती डावीकडे मागे निघाली. मागच्या कमानीचं झुलतं टोक जिथे शॅकलने चेसिसला टांगलेलं असतं, त्या हँगरच्या मुळाशी बोटभर चीर होती आणि तिच्यावर कधीतरी कुणीतरी छान काळा रंग मारलेला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा. हा हँगर चालत्या गाडीत सुटला तर अॅक्सलचं एक टोक मोकळं होतं. अशा गाडीत मी काकूला बसवणार नाही आणि तुम्हीही कुणाला बसवू नका.

पहिल्यांदा ज्यांना दाखवलं त्या डेंटरांचा सल्ला होता, "बाबूजी, ऊपर से चादर मार देते हैं." म्हणजे गंजावरच नवा पत्रा ठेवून वेल्डिंग. हे थिगळ मला मान्य नाही. आताच सांगितलं की गंज दोन पत्र्यांच्या मध्ये वाढतो, आणि थिगळाने आपण त्याला आणखी एक खोली बांधून देतो. दुसरा सल्ला नातेवाइकांचा: जुनी बॉडी भंगारात द्या, हरियाणात मंडी डबवालीला जीपच्या नव्या बॉड्या बनतात, तिथून आणा. तिथली माणसं आपल्या कामात तरबेज आहेत, त्यात शंका नाही. पण मग काकांची गाडी म्हणून उरणार काय? नंबर प्लेट?

शिवाय कागदांचाही प्रश्न असतो, तो तरुण मंडळींनी नीट समजून घ्यावा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी "व्हीए" मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचे २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. आमची जीप वयाने बसते. पण अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. काकूचं शेत यात कुठे बसणार? म्हणून आम्ही नेहमीचीच नोंदणी चालू ठेवायची ठरवली, जी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. दोन्ही वाटांवर चेसिसवर कोरलेला क्रमांक मात्र शाबूत लागतो. ग्राइंडर सुरू करण्याआधी तो शोधायचा, ब्रशने हळू साफ करायचा, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यायची आणि त्यावर टेप चिकटवायची.

शेवटी ट्रक-दुरुस्तीचं काम करणारे एक बुजुर्ग वेल्डर मिळाले. बोलणं कमी, मोजणं जास्त. कापण्याआधी त्यांनी चेसिसचे दोन्ही कर्ण मोजले आणि डावीकडे-उजवीकडे चाकांमधलं अंतर मोजलं (या गाडीत ते ८० इंच असतं). सीटखालची पेट्रोलची टाकी काढून वाड्याबाहेर ठेवायला लावली, कारण रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक. बॅटरीही काढली. मग चमकदार धातू लागेपर्यंत सडका भाग कापला, हँगरच्या जागी चेसिसइतक्याच जाडीचा तुकडा बसवला, कोपरे गोल ठेवून. टोकदार कोपऱ्यातून नवी चीर सुरू होते. फ्लोअरला १८ गेजचा पत्रा, त्यावर दूर दूर टाके, प्रत्येक टाका थंड होऊ देऊन, नाहीतर पत्रा चिवड्यातल्या पोह्यासारखा वाकडा होतो. नंतर इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साइड मारून पावसाळ्यात गाडी उभी ठेवू नका, ते पाणी अडवत नाही.

कमान्यांचं काम भाच्याने अंगावर घेतलं. तो पुण्याला मेकॅनिकल शिकतो. तिकडे ट्रकवाले "पाटे" म्हणतात, आमच्याकडे "कमानी", वस्तू एकच. त्याचा आग्रह होता, "मामा, चार इंच उचलूया, काय दिसेल!" दिसेल ना. पण ८० इंचांची आखूड गाडी उंच केली की वळणावर डोलते, प्रॉपेलर शाफ्टचे कोन वाढतात आणि स्टिअरिंग भटकतं. तिची उंची ठरवताना विलीजवाले झोपलेले नव्हते. तो दोन दिवस रुसला, मग कामाला लागला.

शॅकल सोडवताना एक सावधगिरी: जुन्या विलीज पद्धतीच्या आटे असलेल्या शॅकलमध्ये काहींचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी बघून घ्या. आमच्या कमान्यांच्या पट्ट्या गंजाने एकमेकींना चिकटून जणू एकच जाड पट्टी झाल्या होत्या. पट्ट्या एकमेकींवर घसरल्या तरच कमान लवते आणि त्या घर्षणानेच थोडा धक्का जिरतो. चिकटल्या की बैलगाडी. सगळ्या सुट्या करून क्रमांक टाकले, घासल्या, चिरा पाहिल्या. मागच्या डाव्या कमानीची एक पट्टी तडकलेली निघाली. ती बदलली, कारण कमानीच्या पोलादाला वेल्डिंग चालत नाही, टाक्याच्या शेजारी ते ठिसूळ होतं. बसलेल्या कमान्यांचा बाक ट्रान्सपोर्ट नगरच्या कारागिराने थंडच ठोकून परत आणला. लाल तापवून वाकवली तर पुन्हा पाणी द्यावं लागतं, नाहीतर ती महिन्यात बसते. पट्ट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीस, सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्टही नवे. एकदा ताणलेले यू-बोल्ट मी परत वापरत नाही.

पुढे रबरी बुश बसवलेत, म्हणून तिथले बोल्ट अजून ढिलेच ठेवलेत. गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं. येत्या रविवारी ठोकळे काढतोय. काकूने त्या दिवशी पुरणपोळीचा बेत जाहीर केलाय आणि मागच्या सीटवर कोण बसणार यावरून दोन नातवंडांचं आत्ताच भांडण झालंय. ती बसतील, पण चौकातच, उभ्या गाडीत. ब्रेकचे सिलिंडर अजून उघडायचेत.