बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे

‘खेड्यातले लोक अशुद्ध बोलतात’ हे वाक्य शिकलीसवरलेली मंडळी आजही सहज बोलून जातात. त्यामागचं गृहीत असं, की मराठी मुळात एक, नेटकी. गावोगावच्या अडाण्यांनी ती बिघडवली. हे साफ खोटं आहे.

महानुभावांनी १३ व्या शतकात वऱ्हाडात, ऋद्धिपूरच्या परिसरात मराठी गद्य लिहिलं, तेव्हा प्रमाण मराठीचा पत्ताही नव्हता. पुण्याकडच्या शिष्टांची बोली प्रमाण ठरली ती १९ व्या शतकात. पेशव्यांचा दरबार तिथं होता; पुढे इंग्रजी अमलात कोश, व्याकरणं आणि क्रमिक पुस्तकं घडवणाऱ्या पंडितांनी तीच बोली उचलली. म्हणजे सत्तेजवळची एक बोली भाषा म्हणवली गेली, बाकीच्या बोलीच राहिल्या. कोकणातून घाटावर आलेल्या चित्पावनांनीही आपली घरची चित्पावनी याच ओघात मागे टाकली.

वऱ्हाड-नागपूरकडच्या ‘जाऊन रायलो’वर (म्हणजे ‘जातो आहे’वर) हिंदीचा शिक्का मारून हीच मंडळी नाक मुरडतात. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदीचा शेजार तर त्याहून कितीतरी जुना. शेजारची भाषा बोलण्यात उतरणारच. प्रमाण मराठीत फारसीतून आलेले जमीन, वकील, कागद चालतात. मग वऱ्हाड्याचीच झडती का?

बरं, वऱ्हाडीला स्वतःचं व्याकरण आहे. ‘कर’ म्हणजे आत्ता कर, ‘करजो’ म्हणजे पुढे, सवडीनं कर. ‘उद्या येजो’ या आर्जवासाठी प्रमाण मराठीत क्रियापदाचं वेगळं रूप नाही. इथं उणी कोण?

राज्यभरच्या लेखी व्यवहाराला एक सामाईक रूप लागतं, हे मला पूर्ण मान्य आहे. अर्ज, निकालपत्रं, पाठ्यपुस्तकं त्यातच असावीत. पण लिहिण्याची सोय ही माणसाची लायकी मोजायचं माप कधी झाली? पहिलीतलं पोर म्हणतं, ‘माहा डोया दुखते.’ गुरुजी म्हणतात, ‘डोया नाही, डोळा म्हण.’ वर्ग हसतो, पोर खाली बसतं, आणि डोळ्याला काय झालंय हे कुणी विचारतच नाही. तेच पोर पुढे उत्तर येत असूनही हात वर करत नाही, मग आपण त्याला मठ्ठ ठरवतो.

गुरुजींनी फळ्यावर ‘डोळा’ जरूर लिहावं, वहीत तसंच लिहून घ्यावं. पण तोंडी उत्तर ‘डोया’ असलं तरी पूर्ण गुण द्यावेत, आणि हसणाऱ्यांना त्याच वेळी दटावावं.