शेजाऱ्यासाठी सोडलेले दाते

विलायती घर म्हटले की आम्हा नंदुरबारकरांच्या डोळ्यांपुढे लाल विटांची उंच, अरुंद इमारत उभी राहते. इंग्रज जणू जन्मतःच हातात वीट घेऊन येतो! पण तारखा निराळेच सांगतात.

इंग्रजांनी नंदुरबारात वखार घातली ती १६६६ साली. इथला बाजार तेव्हा इतका भरभराटीला आलेला, की १६७० मध्ये त्यांनी अहमदाबादचे बिऱ्हाडही इकडेच हलवले. आता गंमत पाहा. त्याच १६६६ च्या सप्टेंबरात लंडन शहर चार दिवस जळत होते. १३,००० वर घरे खाक झाली, आणि त्यांतली बहुतेक लाकडाची. म्हणजे आमच्या गावी तागडी धरून बसलेल्या साहेबाचे स्वतःचे शहर लाकूड-मातीचेच होते. खानदेशी धाब्याच्या घराला नाक मुरडायला त्याला तोंड नव्हते.

वीट आली ती कायद्याचा हात धरून. १६६७ साली पार्लमेंटने ठरवले, की लंडनात यापुढे घराची बाहेरची भिंत विटांची किंवा दगडाची. बोळात २ मजले, रस्त्यावर ३, हमरस्त्यावर ४. भिंत किती विटा जाड, हेही लिहून दिले. पुढे १७०९ साली खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या तोंडापासून ४ इंच आत घ्यायला लावली. वर चढणाऱ्या ज्वाळेला लाकूड सापडू नये म्हणून. त्या घरांच्या खिडक्यांभोवती सावलीची जी सुरेख रेघ दिसते, ती आगीच्या धास्तीची देणगी आहे.

मला मात्र १६६७ च्या कायद्यातले एक कलम फार आवडते. दोन घरांमधली भिंत दोघांच्या जागेत निम्मी निम्मी बसवायची. आधी बांधणाऱ्याने दर्शनी भिंतीच्या कडेला विटांचे दाते सोडायचे, म्हणजे शेजाऱ्याची भिंत पुढे त्यांत गुंतेल. आणि शेजाऱ्याने सामाईक भिंतीचा निम्मा खर्च व्याजासह चुकता केल्याखेरीज तिच्यावर वीट ठेवायची नाही. बांधकाम आणि शेजारधर्म एकाच कलमात!

आमच्याकडे सातपुड्याचे लाकूड तळोद्याच्या पेठेत उतरे, म्हणून जुनी घरे खांब-तुळयांवर उभी राहिली. आता ती उतरवून सिमेंटचे स्लॅब चढत आहेत. त्यासाठी मी गळा काढणार नाही. लाकूड लंडननेही सोडले. खंत आहे ती निराळीच. घर नवे होते, पण सामाईक भिंतीचा दावा मात्र बापाकडून मुलाकडे जुनाच येतो. दिवाळीत तिच्यावर पणती कोणी ठेवायची, इथूनही तोंड सुटते.

दाते सोडणे आमच्या गवंड्यालाही ठाऊक आहे. पण मालक ते सोडवून घेतो आपल्याच पुढच्या खोलीसाठी. शेजाऱ्यासाठी दोन दाते सोडायला लंडनला अख्खे शहर जळावे लागले. आपल्याला तेवढी किंमत मोजायचे कारण नाही.