मत्स्यन्याय आणि पिसांचा मासा

या श्रावणांत आमच्या नातवानें नागपुराहून येतांना एक पेटी आणली. आंत कोंबड्याचीं पिसें, बकऱ्याचे केस, रुपेरी धागे आणि गळ! आमच्या कुटुंबानें ती पेटी ओसरीवरच थांबविली, हें वाचकांस सांगावयास नकोच. परंतु जन्मभर मुलांस शिकविलेल्या मनुष्यास कुतूहल आवरत नाहीं. आम्हीही चष्मा लावून ओसरीवर बसलों.

युरोप-अमेरिकेंत 'पाइक' नांवाचा लांब जबड्याचा मासा पाणवनस्पतींत दबा धरून बसतो व लहान मासा जवळून गेला कीं झडप घालतो. त्याच्यासाठीं पिसांचा जो खोटा मासा बांधतात, त्यास 'स्ट्रीमर' म्हणतात. मत्स्यन्यायाचाच हा उपयोग! आमच्या साकोलीकडे, कोहळी लोकांनीं बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावांत, हीच वृत्ति मरळ माशाची आहे.

रीत अशी : गळ लहान शेगड्यांत धरून त्याच्या दांडीवर दोरा गुंडाळावा. बांकाशीं लांब, मऊ पिसें बांधावीं, त्यांवर दोन-तीन रुपेरी धागे, पुढें केस, आणि शेवटीं गांठ मारून तीवर रोगणाचा थेंब. सामग्री थोडीच घ्यावी. पिसें दाट झालीं तर पाण्यांत लवत नाहींत. पाणी निर्मळ असेल तर पांढरा-रुपेरी स्ट्रीमर निवडावा, गढूळ असेल तर काळा. कारण गढूळ पाण्यांत रंगापेक्षां आकृति अधिक उठून दिसते. शिंगाड्याच्या वेलींत अडकूं नये म्हणून टोंकापुढें जाड नायलॉनचा फांस ठेवावा. पाइकचे दांत दोर तोडतात, म्हणून तिकडे गळापुढें पोलादी तार जोडतात. तिकडे हरणाचेही केस वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें ते वर्ज्य होत.

हा विषय आपल्या परंपरेस परका आहे, असें मात्र कोणी समजूं नये. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरणच असून त्यांत माशांचे प्रकार व त्यांचीं आमिषें सांगितलीं आहेत.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही नातवासह तलावावर गेलों. पृष्ठभागीं तांबूस पिलांचा एक थवा श्वासासाठीं वर येई व पुन्हा बुडे. नातू हर्षानें म्हणाला, "आजोबा, याच्याखालीं मोठा मरळ असणारच. येथें टाकला कीं हमखास धरील. मी तर सोडूनच देणार. गळाचा उलटा कांटासुद्धां दाबून टाकला आहे."

कांठावर एक वृद्ध धीवर जाळें सारखें करीत होता. तो म्हणाला, "गुरुजी, तो भुकेनं नाहीं धावत जी, पिलांपायीं धावते. तुमी सोडसान, पन तंवर पिलं रायतीन का?"

आम्ही पाण्याकडे पाहिलें. थव्याच्या कडेनें बारीक मासे घिरट्या घालीत होते. राखणदार दोन घटका दूर झाला, तर त्या पिलांचें काय होईल, हें सांगावयास शास्त्राची गरज नव्हती. भुकेल्यास फसविणें हा एक प्रकार. पण पिलें राखणाऱ्यास त्याच्या मायेनेंच फसवावें, हें आमच्या मनास पटेना. आम्ही मात्र कांहीं बोललों नाहीं; निर्णय त्याचा होता.

नातवानें थोडा वेळ काठी तशीच धरली, मग दोर गुंडाळला. परततांना त्यानें त्या धीवरास विचारलें, "पिलें केव्हां सुटतात?" तो म्हणाला, "पावसाळा सरूं द्या."

पेटी आतां ओसरीच्या कोनाड्यांत आहे. दिवाळीच्या सुट्टींत ती पुन्हा उघडेल.