एकच तलाव, दर उन्हाळ्यात

अभियांत्रिकीच्या पदवी वर्गांना सुट्टी लागली की स्वयंचलित ड्रोन, वाट शोधणारी गाडी, तोल सांभाळणारा रोबो अशा उन्हाळी प्रकल्पांची यादी विभागाच्या फलकावर लागते. सहा-आठ आठवड्यांनी प्रात्यक्षिक होते, अहवालाला बाइंडिंग होते आणि पुढच्या वर्षीची तुकडी पुन्हा कोऱ्या पाटीने सुरुवात करते. दरवर्षी यंत्र नवे येते, ज्ञानात मात्र भर पडत नाही. आमचे मत असे, की पदवीच्या विद्यार्थ्यांचे उन्हाळी संशोधन एका ठिकाणच्या एका प्रश्नाला बांधावे, तो प्रश्न वर्षानुवर्षे बदलू नये आणि कामाचे मोल त्यातल्या मोजमापावरून ठरवावे. भंडारा जिल्ह्यात असा प्रश्न गावोगावी समोर आहे.

तो प्रश्न माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या मामा तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर पूर्व विदर्भातली धानशेती आणि ढीवरांची मासेमारी उभी राहिली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून ते सुमारे 7 हजार आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपली, तलाव सरकारकडे गेले, देखभाल ढिली पडली आणि गाळ व बेशरमीची झुडपे वाढत गेली. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 पासून आहे; पण गाळ नेमका कुठे आणि किती साचला हे सांगायला तळाचा नकाशा लागतो. मे महिन्यात पाणी आटते तेव्हा उघड्या पडलेल्या भागावरून ड्रोन फिरवता येतो आणि उरलेल्या पाण्यात खोली मोजणारा इको साउंडर लावलेली छोटी स्वयंचलित होडी सोडता येते. हे काम मृग लागण्याआधी आटोपता येण्याजोगे आहे.

अशा होडीत नियंत्रणशास्त्राचा बराचसा अभ्यासक्रम येऊन जातो. ठरवलेल्या रेषेवरून जायला सांगितलेली होडी नागमोडी जाऊ लागली, की विद्यार्थी पहिल्यांदा नियंत्रकाचा गेन, म्हणजे चूक दुरुस्त करण्याचा जोर, वाढवतो आणि हेलकावे आणखी वाढतात. नोंदी नीट तपासल्या, तर कधी कधी दोष वेगळ्याच जागी सापडतो. डिजिटल होकायंत्र मोटारीच्या तारांजवळ बसवलेले असते. प्रवाह वाढला की तारांचे चुंबकीय क्षेत्र दिशेचे माप बिघडवते, आणि नियंत्रक त्या चुकीच्या मापावर इमानाने काम करत राहतो. होकायंत्र उंच दांड्यावर नेले की गेनला हात न लावता होडी सरळ चालू लागते. संवेदकाची चूक आणि नियंत्रकाची चूक वेगळी ओळखणे हे विमानात आणि उपग्रहातही तितकेच मोलाचे आहे. ते शिकवण्यासाठी पवनबोगदा लागत नाही.

पहिला आक्षेप वेळेचा आहे: दोन महिन्यांत कसले संशोधन होणार? एकट्या तुकडीपुरते पाहिले तर तो खरा आहे. पण गाळाचा प्रश्नच असा आहे, की एका वर्षाच्या नकाशातून उत्तर निघत नाही. दोन वर्षांच्या नकाशांतल्या फरकातून निघते. त्यासाठी खोली रोज उतरणाऱ्या पाण्याच्या पातळीवरून न मोजता सांडव्याच्या माथ्यासारख्या पक्क्या खुणेवरून मोजावी लागते. मापनातली चूक 10 सेंटिमीटर असेल आणि वर्षाचा गाळ त्याहून कमी असेल, तर एका वर्षाच्या फरकावरून काहीही ठामपणे म्हणता येत नाही. ही मर्यादा अहवालात स्वच्छ लिहिणारा विद्यार्थी संशोधन करतो आहे. तुकड्यांच्या साखळीने काय साधते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा एक किलोहूनही हलका ‘स्वयम्’ उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी 34 मधून अवकाशात गेला. त्याची दिशा स्थिर ठेवण्यासाठी चुंबकाच्या आधारे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग करण्याची साधी, वीज न खाणारी योजना होती. आराखड्यापासून उड्डाणापर्यंतच्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या बदलल्या. नोंदी हातोहात पुढे गेल्या म्हणूनच काम तडीस गेले.

दुसरा आक्षेप साधनांचा आणि कायद्याचा. आर्डूपायलटसारखी मुक्त प्रणाली होडीलाही चालते आणि ड्रोनलाही, आणि तिचे अनुरूपण साध्या संगणकावर होते. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार व्यापारी वापर नसेल तर 2 किलोपर्यंतच्या ड्रोनला चालक-प्रमाणपत्र लागत नाही. मात्र उड्डाणक्षेत्राचा नकाशा पाहणे सक्तीचेच समजावे, आणि जवाहरनगरला आयुध निर्माणी असलेल्या जिल्ह्यात तर विशेष. तिसरा आक्षेप पालकांचा आहे: याने नोकरी मिळेल का? मुलाखतीत चालत्या यंत्राची चित्रफीत अनेकजण दाखवतात. ते यंत्र का बिघडले, हे आकड्यांनिशी सांगणारा उमेदवार विरळा असतो, आणि चांगला अभियंता निवडणाऱ्याला तोच हवा असतो.

म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांना आमची विनंती आहे. येत्या उन्हाळ्यासाठी महाविद्यालयाजवळचा एक तलाव निवडा, ग्रामपंचायतीशी आणि तिथल्या मच्छीमार संस्थेशी आधी बोला, पाळीवर पक्की खूण करा. अहवालासोबत कच्च्या नोंदी, बिघाडांची वही आणि चालू अवस्थेतली होडी पुढच्या तुकडीच्या ताब्यात दिल्याशिवाय गुण देऊ नका. पाच उन्हाळ्यांनंतर गावाला गाळ काढण्यासाठी वापरता येईल असा नकाशा मिळेल, आणि विभागाला आपली म्हणता येईल अशी संशोधनाची परंपरा.