घर पाहावे देऊन

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कोणी केली, त्याला गृहनिर्माण मंडळाचा कारभार ठाऊक नसावा. नाहीतर त्याने पुढे आणखी एक तुकडा जोडला असता : ‘बांधलेले घर पाहावे देऊन!’ कारण बांधणे अवघड खरे; पण विटा, सिमेंट आणि पैसा यांची जुळणी झाली की भिंती उभ्या राहतात. त्या भिंतींच्या आत आजारी माणसाला नेऊन बसवायचे म्हटले, की मात्र खरी अडचण सुरू होते.

२०२१ सालची गोष्ट आहे. मुंबईतील टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या कर्करोग्यांना व त्यांच्या नातेवाइकांना राहण्यासाठी शंभर सदनिका द्यायचे म्हाडाने ठरवले. त्या परळ-लालबागच्या बाजूला, रुग्णालयापासून जवळच होत्या. मे महिन्यात समारंभ झाला. श्री. शरद पवार हे स्वतः या दुखण्यातून उठलेले. त्यांच्याच हस्ते रुग्णालयाला किल्ल्या देण्यात आल्या. इतके सारे यथासांग पार पडले, आणि जूनमध्ये त्या निर्णयाला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. इमारतीतल्या रहिवाशांची हरकत होती. स्थानिक आमदारांनी ती वर पोचवली होती. दुसऱ्याच दिवशी भोईवाड्याजवळच्या बॉम्बे डाईंग गिरणीच्या जागेत तेवढ्याच सदनिका देण्याचे जाहीर झाले. म्हणजे घरे होती, द्यायची इच्छा होती, किल्लीही हातात पडली होती. नव्हता तो फक्त शेजार.

वाचकहो, मुंबईच्या या गोष्टीशी आम्हा वाशीमकरांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. मंगरूळपीरच्या किंवा रिसोडच्या एखाद्या शेतकऱ्याला ‘टाटाला दाखवा’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा तो अकोल्याला जाऊन रात्रीची गाडी धरतो. बरोबर बायको, एखादा पुतण्या, आणि पिशवीत भाकऱ्या नि कागद. त्याला वाटते, चार दिवसांचे काम असेल. तेथे कळते, की किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस असे पाचसहा आठवडे चालतात. औषधांच्या फेऱ्या तर महिनोन् महिने. रुग्णालयातली खाट शस्त्रक्रियेच्या माणसाला लागते. इतरांनी रोज यायचे आणि जायचे. पण जायचे कोठे? परळच्या फुटपाथवर पथाऱ्या पसरून बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे उत्तर सांगायला नको.

आणि येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या औषधांनी रोग्याची प्रतिकारशक्ती खालावते. स्वच्छ पाणी, ताजे अन्न आणि डोक्यावर छप्पर नसेल, तर रोगापेक्षा साधा जंतुसंसर्गच त्याला आधी गाठतो. मग नाइलाजाने माणूस उपचार अर्धवट टाकून गावी परततो. म्हणून ही खोली म्हणजे दानधर्म नव्हे. ती औषधाच्या चिठ्ठीवरचे एक औषधच आहे.

हे आमच्या वऱ्हाडातल्या एका निरक्षर माणसाला फार पूर्वी कळले होते. शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. १९५६ साली बाबा गेले. पण त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटाचे रुग्ण मुक्काम करतात. बाबांजवळ खराटा होता आणि लोकांच्या मनातला विश्वास होता.

म्हाडा ही मात्र सरकारी संस्था. १९७७ साली मुंबईची आणि विदर्भाची जुनी गृहनिर्माण मंडळे एकत्र करून ती उभी राहिली. आमचा जिल्हा तिच्या अमरावती मंडळात येतो. तिचा व्यवहार नकाशा, निविदा, सोडत आणि ताबा या चार शब्दांत चालतो. पण आजाऱ्याच्या घराला पाचवा शब्द लागतो : शेजार. तो निविदा काढून मिळत नाही. त्यासाठी किल्ल्या देण्याआधी रहिवाशांच्या दारी जावे लागते. जिना, पाणी, कचरा यांची व्यवस्था कोण पाहणार, रात्री-अपरात्री हाक मारायला जबाबदार माणूस कोण असणार, हे सांगावे लागते. आणि सगळ्यात आधी सांगावे लागते ते हे, की कर्करोग शेजाऱ्याला लागत नाही.

रहिवाशांना दुष्ट ठरवण्याचे मला कारण दिसत नाही. ते साल करोनाचे होते. माणूस माणसाला भीत होता. शिवाय तीच भीती तुमच्या-माझ्या घरात नाही असे थोडेच आहे? आमच्या गावातले एक सज्जन गृहस्थ परवा मला म्हणाले, “सर, दवाखान्यातल्या लोकायले खोली द्याले मायी काही ना नाही. पन बिल्डिंगीतले लोक काय म्हनतीन?” बिल्डिंगीतल्या इतर लोकांनाही नेमकी हीच चिंता असावी! सगळे सज्जन, आणि सगळे एकमेकांना भिऊन दार लावून बसलेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना १९६८ साली याच रोगाने नेले. त्यांना आपण दारातून परत पाठवले असते काय?

पूर्वी वऱ्हाडात घराला ओसरी असे. वाटसरू तेथे पाठ टेके, सकाळी तांब्याभर पाणी पिऊन निघून जाई; त्याला जात विचारली जाई हे खरे, पण दुखणे विचारले जात नसे. आता ओसरी गेली आणि सोसायटी आली. तिच्या सभेत वाहनतळ, गच्ची, गळती असे विषय दरसाल असतात. या दिवाळीनंतरच्या सभेत एक विषय वाढवावा : आपल्या इमारतीतली एखादी रिकामी खोली उपचारांसाठी आलेल्या कुटुंबाला द्यायची झाल्यास कोणाची हरकत आहे काय? हरकत असेल त्याने ती उघड मांडावी, आणि तिथे बसलेल्या एखाद्या डॉक्टराने तिला उत्तर द्यावे.

स्थगिती देणारे हात मंत्रालयात असतात. पण तिचा अर्ज आपल्याच जिन्यात लिहिला जातो.